अमेरिकेतील कृष्णवर्णीयांची गरिबी आणि 'वैयक्तिक जबाबदारी' : हिशेब कुठून मांडायचा?

(संकेतस्थळावरची चर्चा. प्रत्येक प्रतिसादाच्या वर लिहिणाऱ्याचे टोपणनाव आहे.)

वहीखाते

गेली सहा वर्षे फेब्रुवारी ते एप्रिल या काळात मी कमी उत्पन्न असलेल्या लोकांची कर-विवरणपत्रे विनामूल्य भरून देणाऱ्या केंद्रात स्वयंसेवक म्हणून बसतो. 'व्हिटा' नावाचा हा उपक्रम अमेरिकेच्या महसूल खात्याचाच आहे. समोर येऊन बसणाऱ्यांमध्ये कृष्णवर्णीय बरेच असतात. मागच्या हंगामात साठीच्या आसपासचे एक गृहस्थ आले होते. ओळख पटेल असे तपशील मी गाळतो आहे. पाठीच्या दुखण्यामुळे त्यांना 'एसएसआय' ही सरकारी मदत मिळते आणि आठवड्यातले काही तास ते एका वाहनतळावर काम करतात. कराचा थोडा परतावा निघत होता. तो ऐकून त्यांनी विचारले, "हे पैसे मी किती दिवस जवळ ठेवू शकतो?"

मला प्रश्नच कळला नाही. मग त्यांनी खिशातून एक छोटी वही काढली. तिच्यात प्रत्येक महिन्याच्या अखेरची बँकेतली शिल्लक पेन्सिलीने लिहिलेली होती : १,८७०, १,९१२, १,९४०. एसएसआय घेणाऱ्या एकट्या माणसाजवळ २,००० डॉलरपेक्षा जास्त शिल्लक असता कामा नये आणि ती शिल्लक महिन्याच्या एक तारखेला मोजली जाते. ती मर्यादा ओलांडली की त्या महिन्याची मदत मिळत नाही. कराच्या परताव्याला मात्र बारा महिन्यांची सूट असते. वहीत एका ठिकाणी '३० तारीख, दोन टायर' अशी नोंद होती. जुने टायर अजून वर्षभर चालले असते, पण शिल्लक खाली आणायची होती, असे त्यांनी सांगितले.

त्याच संध्याकाळी परत येताना गाडीत आमच्याबरोबरचे एक मराठी स्वयंसेवक म्हणाले, "मदत करायला हरकत नाही, पण या लोकांना बचतीची सवयच नसते." माणूस मनाने चांगला आहे, नाहीतर शनिवार वाया घालवून तिथे बसला नसता. शिवाय दहा वर्षांपूर्वी मीही हेच म्हणालो असतो.

अमेरिकेच्या मध्यवर्ती बँकेच्या २०२२ च्या पाहणीनुसार गोऱ्या कुटुंबाची मध्यक संपत्ती (म्हणजे निम्म्या कुटुंबांची जिच्यापेक्षा जास्त आणि निम्म्यांची कमी असते ती) २,८५,००० डॉलर होती आणि कृष्णवर्णीय कुटुंबाची ४४,९००. त्याच वर्षी गरिबीचे प्रमाण कृष्णवर्णीयांमध्ये १७.१ टक्के आणि गोऱ्यांमध्ये ८.६ टक्के होते. या अंतरातले किती माणसांच्या वागण्यामुळे आले आणि किती त्यांच्या वाट्याला आलेल्या नियमांमुळे? तुमचे अनुभव आणि मते वाचायला आवडतील.

तिरकस

म्हणजे काटकसर केली तर मदत बंद होणार आणि नाही केली तर 'सवयच नाही' असे ऐकून घ्यायचे. धरले तर चावते, सोडले तर पळते. नियम करणाऱ्याला पूर्ण गुण.

शिस्तप्रिय

धागा चांगला आहे, पण एका वहीवरून एवढा मोठा निष्कर्ष निघणार नाही. इतिहासात अन्याय झाला हे कोणी शहाणा माणूस नाकारत नाही. प्रश्न आज काय करायचे याचा आहे. १९५९ मध्ये कृष्णवर्णीयांमधली गरिबी ५५.१ टक्के होती, म्हणजे ती एवढी खाली येऊ शकते हे सिद्ध झालेले आहे. मग ती सतरा-अठराच्या आसपासच का घुटमळते? १९६५ मध्ये तेव्हाचे सहायक श्रममंत्री मॉयनिहान यांनी कृष्णवर्णीय कुटुंबांवरच्या आपल्या अहवालात धोक्याची घंटा वाजवली, तेव्हा कृष्णवर्णीयांमध्ये जवळजवळ एक चतुर्थांश मुले विवाहाबाहेर जन्मत होती. आज ते प्रमाण सुमारे ७० टक्के आहे. एकट्या पालकाच्या घरात एकच पगार येतो, आणि हे साधे गणित कोणत्याही सिद्धान्ताने बदलत नाही.

हॅस्किन्स आणि सॉहिल या दोन अभ्यासकांनी २००९ मध्ये तीन पायऱ्या सांगितल्या : निदान शालान्त शिक्षण पुरे करा, पूर्ण वेळ नोकरी करा, आणि वयाची एकवीस वर्षे व लग्न होईपर्यंत मूल होऊ देऊ नका. या तिन्ही पाळणाऱ्यांत गरिबीचे प्रमाण केवळ दोन टक्क्यांच्या घरात होते. नायजेरियातून आलेली कुटुंबेही वर्णाने काळीच आहेत, तरी त्यांची मुले शिकतात आणि पुढे जातात. मी स्वतः १९९८ मध्ये दोन बॅगा घेऊन या देशात उतरलो. मुलाला पहिल्या दिवसापासून 'जग तुझ्या विरुद्ध आहे' असे शिकवले, तर तो प्रयत्न कशाला करील?

केतकी

शिस्तप्रिय, त्या दोन बॅगांपैकी एकीत अभियांत्रिकीची पदवी होती ना? माझ्याही होती.

आपण सगळे गाळून घेतलेले लोक आहोत. १९६५ च्या कायद्याने वंशावर आधारलेले जुने कोटे रद्द केले, तेव्हा कुठे आपल्यासाठी दार उघडले, आणि उघडले तेही मुख्यतः शिकलेल्यांसाठी व त्यांच्या नातेवाइकांसाठी. नायजेरियाहून येणाऱ्यांचेही तसेच आहे. चाळणीतून वर उरलेल्या दाण्यांची तुलना अख्ख्या पोत्याशी करून पोत्याला नावे ठेवण्यात अर्थ नाही. आणखी एक गोष्ट आपण सोयीस्करपणे विसरतो. १९६५ चा तो कायदा १९६४ च्या नागरी हक्क कायद्याच्या पाठोपाठ आला. नागरी हक्कांच्या ज्या चळवळीत कृष्णवर्णीय लोक पोलिसांच्या कुत्र्यांच्या आणि पाण्याच्या फवाऱ्यांच्या तोंडी गेले, तिने तयार केलेल्या वातावरणात आपला व्हिसा मंजूर झाला.

जुनी कागदपत्रे

मी मालमत्तेच्या कागदपत्रांचे शोध घेण्याचे काम करते, म्हणून संपत्तीच्या आकड्याविषयी लिहिते.

चार वर्षांपूर्वी आम्ही स्वतःसाठी घर घेतले. चाळीसच्या दशकातले, उपनगरातले. मूळ खरेदीखताची प्रत मी सवयीने वाचत होते. सांडपाण्याची वाहिनी आणि कुंपणाची उंची या दोन कलमांच्या मध्ये एक कलम होते : गौरवंशीय नसलेल्या कोणत्याही व्यक्तीने या जागेत राहू नये, मात्र घरकामासाठी ठेवलेले नोकर यास अपवाद. टंकलेखन, शाई, सगळे कुंपणाच्या कलमासारखेच. मी ते नवऱ्याला वाचून दाखवले. तो म्हणाला, "म्हणजे आपण इथे भांडी घासायला राहू शकलो असतो."

१९४८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अशी कलमे न्यायालयांतून अमलात आणता येणार नाहीत असा निर्णय दिला आणि १९६८ च्या गृहनिर्माण कायद्याने हा भेदभावच बेकायदा ठरवला. मात्र तोवर मधली वीस-तीस वर्षे निघून गेली होती, आणि अमेरिकी मध्यमवर्गाची घरे त्याच वर्षांत झाली. १९३० च्या दशकात एका सरकारी गृहकर्ज संस्थेने शहरांचे नकाशे रंगवले आणि कृष्णवर्णीयांच्या वस्त्या लाल रंगात, म्हणजे 'धोकादायक' गटात टाकल्या. १९३४ मध्ये स्थापन झालेले संघीय गृहनिर्माण प्रशासन कर्जाला हमी देई, पण त्याच्या नियमपुस्तिकेतच वस्ती 'एकजिनसी' ठेवण्याची आणि त्यासाठी अशी कलमे घालण्याची शिफारस होती. न्यूयॉर्कजवळचे लेव्हिटटाऊन हे उपनगर १९४७ पासून वसले. आठ हजार डॉलरच्या आत घर मिळत असे आणि सुरुवातीच्या भाडेकरारांत हेच वांशिक कलम होते.

युद्धावरून परतलेल्या सैनिकांसाठी १९४४ चा कायदा होता. तो कागदावर सर्वांसाठी होता, पण कर्ज द्यायचे स्थानिक बँकांनी. १९४७ मध्ये मिसिसिपी राज्यात अशा हमीच्या ३,२२९ कर्जांची पाहणी झाली, त्यांतली कृष्णवर्णीय सैनिकांना मिळालेली कर्जे २ होती. दोनशे नव्हे, दोन. त्या सैनिकांनी बचत केली की नाही, हा प्रश्न तिथे उद्भवतच नव्हता.

शिस्तप्रिय

केतकी, पदवीचा मुद्दा मान्य आहे. जुनी कागदपत्रे यांनी दिलेली माहितीही मान्य. पण १९६८ ला अर्धे शतक उलटून गेले, दोन पिढ्या झाल्या. दुसऱ्या महायुद्धात जपानी वंशाच्या अमेरिकनांची घरेदारे सोडायला लावून त्यांना छावण्यांत डांबले होते, तरी ते पुन्हा उभे राहिले. किती वर्षे आजोबांच्या खरेदीखताकडे बोट दाखवायचे?

आकडेमोडे

शिस्तप्रिय यांच्या प्रश्नावर तीन अभ्यास आठवतात, आणि ते तिन्ही १९६८ नंतरचेच आहेत.

समाजशास्त्रज्ञ डेव्हा पेजर यांचा मिलवॉकी शहरातला प्रयोग २००३ मध्ये प्रसिद्ध झाला. सारखेच शिक्षण आणि अनुभव सांगणारे तरुण नोकरीसाठी पाठवले. गोऱ्या अर्जदारांना ३४ टक्के ठिकाणांहून पुन्हा बोलावणे आले, आणि तुरुंगवास भोगल्याचे सांगणाऱ्या गोऱ्यांना १७ टक्के ठिकाणांहून. कसलाही गुन्हा नावावर नसलेल्या कृष्णवर्णीयांना मात्र १४ टक्केच. हे शेवटचे दोन आकडे शेजारी ठेवून पाहा. दुसरा २००४ चा अभ्यास बॉस्टन आणि शिकागोमधला. सुमारे पाच हजार बनावट अर्ज पाठवले होते, त्यांत केवळ नाव बदलले होते. गोऱ्यांची वाटणारी नावे असलेल्या अर्जांना ५० टक्के अधिक उत्तरे आली.

तिसरा अभ्यास अर्थतज्ज्ञ राज चेट्टी आणि सहकाऱ्यांचा, २०१८ चा, आणि तो कोणालाच पूर्ण सुखावत नाही. आईवडिलांचे उत्पन्न सारखे असले, तरी देशातल्या ९९ टक्के वस्त्यांत कृष्णवर्णीय मुलगे मोठे झाल्यावर गोऱ्या मुलग्यांपेक्षा कमी कमावतात. श्रीमंत घरातल्यांचीही यातून सुटका नाही. मुलींच्या बाबतीत मात्र हे अंतर जवळजवळ नाहीसे होते. आता घरचे संस्कारच कारणीभूत म्हणावेत, तर त्याच घरातल्या बहिणीला ते कसे बाधत नाहीत? नुसता वर्णभेदच कारण म्हणावा, तर तो भावाला जास्त आणि बहिणीला कमी का? याच अभ्यासात शिस्तप्रिय यांच्या बाजूचेही काही आहे. ज्या वस्तीत कृष्णवर्णीय वडील मोठ्या संख्येने घरी असतात, तिथल्या मुलग्यांची प्रगती बरी होते, आणि विशेष म्हणजे ज्यांचे स्वतःचे वडील घरी नाहीत त्यांचीही.

जन्मप्रमाणाच्या मुद्द्याबद्दल एवढेच की आज गोऱ्यांमधले विवाहबाह्य जन्मांचे प्रमाण मॉयनिहान यांना घाबरवणाऱ्या त्या आकड्याच्या पुढे गेलेले आहे. त्यावर अजून कोणी तसा अहवाल लिहिलेला मला दिसला नाही.

डोंगरउतार

मी वेस्ट व्हर्जिनियात राहतो आणि एक वेगळा सूर लावतो. इथला मॅकडॉवेल परगणा एके काळी कोळशावर भरभराटीला आला होता. खाणींत यंत्रे आली, माणसे लागेनाशी झाली आणि आज रस्त्याच्या दोन्ही बाजूंना बंद दुकाने दिसतात. इथले गरीब बहुतेक गोरे आहेत. व्यसने, मोडलेली घरे, शाळा सोडणे, सगळे तेच, आणि टोमणाही तोच : 'यांना काम करायलाच नको.' डेट्रॉइटमध्ये मोटारींचे कारखाने गेल्यावर जे झाले, ते इथे खाणी गेल्यावर झाले. समाजशास्त्रज्ञ विल्यम ज्युलियस विल्सन यांनी शिकागोविषयी १९८७ मध्ये हेच मांडले होते की आधी काम जाते आणि मग कुटुंबे मोडतात. डोक्यांच्या संख्येने पाहिले, तर या देशात गरीब गोरे गरीब कृष्णवर्णीयांपेक्षा जास्त आहेत. म्हणून प्रश्न वर्णाचा कमी आणि वर्गाचा जास्त, असे माझे मत आहे.

जुनी कागदपत्रे

डोंगरउतार, दुःख सारखे आहे हे खरे, पण वाट सारखी नाही. मॅकडॉवेलमधला गोरा खाणकामगार १९५० मध्ये गाव सोडून ओहायोच्या उपनगरात घर घ्यायला गेला असता, तर त्याला खरेदीखतातले ते कलम आडवे आले नसते. त्याच खाणीतल्या कृष्णवर्णीय कामगाराला आले असते, आणि त्या खाणींत कृष्णवर्णीय कामगारही पुष्कळ होते.

अनुस्वार

मी एका सार्वजनिक शाळेत गणित शिकवते. माझ्या वर्गात बहुतेक मुले कृष्णवर्णीय आहेत. इथल्या शाळांचा बराचसा पैसा स्थानिक मालमत्ता करातून येतो, त्यामुळे घरांच्या किमती पडलेल्या वस्तीत शाळाही हात आखडूनच चालते. १९७३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने टेक्सासच्या खटल्यात ही विषमता संघीय राज्यघटनेच्या विरोधात जात नाही असे ठरवले. जुनी कागदपत्रे यांचा नकाशा माझ्या वर्गात गळक्या छताच्या रूपाने येतो, तो असा.

तरीही वर्गात उभी राहून मी मुलांना नकाशा दाखवत नाही. एक मुलगा पहिल्या तासाला रोज झोपायचा. चौकशी केली तेव्हा कळले की रात्री अकरापर्यंत तो गोदामात काम करतो आणि पगार आईच्या हातात देतो. मी त्याला काय सांगायचे? 'व्यवस्थाच अशी आहे' असे सांगितले, तर त्याच्या हाती काय लागणार? मी म्हटले, "गृहपाठ बुधवारी नाही, शुक्रवारी दे, पण दिलाच पाहिजे." त्याने दिला. तीन वेळा चुकवला, चौथ्यापासून दिला. त्याच आठवड्यात शाळा मंडळाच्या बैठकीत मी छतासाठी उभी राहिले, तेव्हा एक सदस्य म्हणाले की आधी पालकांनी जबाबदारी घ्यायला शिकले पाहिजे. मला संताप आला, आणि घरी येईपर्यंत कळेना की मी मुलाला जे सांगते तेच हे म्हणत असताना मला राग का यावा. मी तो शब्द त्याच्या बाजूला बसून वापरला होता. मंडळाने तो टेबलापलीकडून, छताचे पैसे न देण्यासाठी वापरला.

शिस्तप्रिय

अनुस्वारताई, मीही माझ्या मुलांच्या बाजूला बसूनच बोलतो, हे लक्षात असू द्या. प्रतिसाद मात्र आवडला.

मीमांसक

'हे लोक बचत करत नाहीत' या वाक्याला एक जुनी आणि फार कडू पार्श्वभूमी आहे, म्हणून थोडे सविस्तर लिहितो.

यादवी युद्ध संपत आले असताना, मार्च १८६५ मध्ये, लिंकन यांच्या सहीने मुक्त झालेल्या गुलामांसाठी 'फ्रीडमन्स बँक' स्थापन झाली. हेतू हाच, की या लोकांना काटकसरीची सवय लागावी. पाच सेंटांपासून पैसे ठेवता येत. पासबुकावर बचतीचे उपदेश असत आणि बँकेच्या मागे सरकार उभे आहे अशी समजूत सर्वत्र करून दिलेली होती. लोकांनी ऐकले. धुलाईवाल्या बायका, सैनिक, शेतमजूर यांनी नाणे नाणे जमवले. १८७० मध्ये सनदेत बदल होऊन तो पैसा कर्जाने द्यायला परवानगी मिळाली. वित्त समितीचे प्रमुख होते हेन्री कुक. त्यांचे बंधू जे कुक हे रेल्वेच्या सट्ट्यात बुडालेले बडे सावकार. पैसा अशाच ओळखीपाळखीच्या गोऱ्या व्यावसायिकांकडे वाहत गेला. १८७४ मध्ये, सगळे खिळखिळे झाल्यावर, पूर्वी स्वतः गुलाम असलेले कृष्णवर्णीयांचे नेते फ्रेडरिक डग्लस यांना बँकेच्या अध्यक्षपदी बसवले. त्यांनी विश्वासाने स्वतःचे १०,००० डॉलर घातले. त्याच वर्षीच्या जूनमध्ये बँक बंद पडली. सुमारे ६१,००० खातेदारांचे जवळजवळ ३० लाख डॉलर अडकले, आणि अनेकांना त्यातली फुटकी कवडीही मिळाली नाही.

अमेरिकेने गुलामांना मुक्त केले म्हणून महात्मा फुल्यांनी आपले पुस्तक तिथल्या सदाचारी लोकांना अर्पण केले ते १८७३ मध्ये. बँक बुडाली ती पुढच्याच वर्षी.

आता एकदम १९९६. क्लिंटन यांनी सही केलेल्या मदत-सुधारणा कायद्याच्या नावातच 'वैयक्तिक जबाबदारी' हे शब्द आहेत. संघीय निधीतून मिळणाऱ्या रोख मदतीला आयुष्यभरात साठ महिन्यांची मर्यादा आली, आणि राज्यांना ठोक रक्कम देऊन ती कशी खर्च करायची याची मोकळीक दिली. मिसिसिपी राज्यात या निधीतले ५० लाख डॉलर एका विद्यापीठाच्या व्हॉलीबॉल केंद्राकडे गेले आणि पुढे त्यावरून खटले उभे राहिले. गरीब आईने साठ महिन्यांचा हिशेब द्यायचा आणि निधी सांभाळणाऱ्यांनी तो व्हॉलीबॉलवर उडवायचा. जबाबदारी हा शब्द मला मुळीच नकोसा नाही. तो वरच्या मजल्यावरही वापरावा, एवढेच माझे म्हणणे आहे.

तिरकस

व्हॉलीबॉलमध्ये चेंडू दुसऱ्याच्या बाजूला टाकून मोकळे व्हायचे असते. राज्याने खेळ अचूक निवडला.

नियमवाचक

मूळ प्रश्नाकडे परत येतो. वहीखाते, त्या गृहस्थांना 'एबल' खात्याविषयी सांगितले का? २०१४ च्या कायद्याने अपंग व्यक्तींना हे खाते उघडता येते आणि त्यातली १,००,००० डॉलरपर्यंतची शिल्लक एसएसआयच्या मर्यादेत धरली जात नाही. पूर्वी अपंगत्व वयाच्या २६ वर्षांच्या आत आलेले असणे आवश्यक होते. जानेवारी २०२६ पासून ती अट ४६ वर्षांवर गेली आहे. २,००० डॉलरची मर्यादा मात्र १९८९ पासून तशीच आहे.

आणखी एक नोंद शिस्तप्रिय यांच्यासाठी. २०२१ मध्ये सरकारने मुलामागे मिळणारी करसवलत एका वर्षापुरती वाढवली आणि काहीही न कमावणाऱ्या पालकांनाही ती पूर्ण दिली. सरकारी मदत धरून मोजली जाणारी बालगरिबी त्या वर्षी ५.२ टक्क्यांवर आली. सवलत संपली आणि २०२२ मध्ये ती १२.४ टक्के झाली. एका वर्षात लाखो पालक जबाबदार झाले आणि पुढच्या वर्षी पुन्हा बेजबाबदार झाले, असे मानायचे का?

शिस्तप्रिय

नियमवाचक, पैसे वाटले की गरिबीचा आकडा खाली येणारच, त्यात नवल नाही. वाटप थांबल्यावर तो वर गेला, म्हणजे पायावर उभे राहण्याची ताकद त्यातून आली नाही, असाही त्याचा अर्थ होतो. माझे मूळ मत कायम आहे की घर, शाळा आणि काम या तीन गोष्टींना पर्याय नाही.

पण त्या २,००० डॉलरवर मी रात्री विचार केला. बचत ही माझ्या मते सर्वांत मोठी जबाबदारी आहे, आणि इथे सरकारच तिला शिक्षा करते आहे. माझ्यासारख्या माणसाने तर या नियमाविरुद्ध सर्वांत आधी ओरडायला हवे होते. मला तो नियम माहीतच नव्हता. अडतीस वर्षांचा असल्यापासून मी या देशात कर भरतो आहे आणि या विषयावर मते देतो आहे.

केतकी

हा प्रतिसाद मी जपून ठेवते आहे.

वहीखाते

सर्वांचे आभार. काही प्रतिसाद मी गाडीतल्या त्या मित्रालाही वाचायला पाठवले. त्याचे उत्तर आले, "बँकेचे प्रकरण ठाऊक नव्हते." पुढे काही बोलला नाही.

नियमवाचक, या हंगामात ते गृहस्थ परवाच येऊन गेले, आणि तुमचा प्रतिसाद त्याआधी वाचलेला असल्यामुळे मी एबल खात्याचे विचारले. पाठीचे दुखणे कधीपासून, असे विचारताच म्हणाले, एक्कावन्नाव्या वर्षी. म्हणजे पाच वर्षांनी हुकले. मी खेद व्यक्त केला, तर तेच मला म्हणाले की असू द्या, तुम्ही पाहिलेत तरी. मग परतावा साधारण कधी येईल ते विचारले, वही काढली, आणि त्यापुढच्या बारा महिन्यांनंतरची तारीख पेन्सिलीने लिहून तिच्याभोवती गोल केला.